पुण्यात नवीन आलात? आधी घड्याळ लावा, मग खायला निघा

गेल्या जूनमध्ये काकांचा पोरगा लातूरहून पुण्यात आला, एमपीएससी करायला, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्यानं. पहिल्याच रविवारी रात्री साडेआठला त्याचा फोन, "दादा, मेस बंदय, कुणी सांगितलंच नाही, आता जेवू कुठं?" मला हसू आलं, कारण मी आलो त्या वर्षी मलाही कुणी सांगितलं नव्हतं आणि मी त्या रात्री पार्ले-जीचा एक पुडा आणि नळाचं पाणी एवढ्यावर झोपलो होतो. त्याला म्हणलं थांब, खाली उतर, टिळक रोडला ये, आणि तिथून जे सुरू झालं ते अजून चालूच आहे, दिवसाआड एक मेसेज, दादा इथं काय चांगलं मिळतं, दादा तिथं किती वाजता जायचं. शेवटी म्हणलं एकदाच सगळं लिहून टाकतो, दर जूनला त्याच्यासारखी पोरंपोरी बॅगा घेऊन उतरतातच, त्यांच्याही कामाला येईल.

नेटवर याद्या ढीगभर आहेत, टॉप टेन मिसळ, टॉप ट्वेंटी कॅफे वगैरे. त्यात नाव असतं, फोटो असतो, स्टार असतात, पण वेळ नसते आणि पुण्यात सगळा खेळ वेळेचाच आहे हो. नऊ वाजता जी मिसळ वाफाळत समोर येते ती पावणेबाराला संपलेली असते आणि संपली म्हणजे संपली, तुमच्यासाठी कुणी परत कढई चढवत नाही. म्हणून मी हे सगळं दिवसाच्या क्रमानं लिहितोय, सकाळी उठल्यापासून पहाटेपर्यंत. आणि एक आधीच सांगतो, मला पेठा, डेक्कन आणि कॅम्प एवढंच नीट माहितीय. हिंजवडी-वाघोलीचं मला विचारू नका, तिकडं मी फक्त लग्नाला जातो.

पायरी १: मेस लावा, पण आधी दोन दिवस चाखा

बाहेर कितीही भारी खाल्लं तरी रोजचं पोट मेसवरच भरणारय, त्यामुळं सुरुवात तिथून. आल्या आल्या पूर्ण महिन्याचे पैसे भरू नका. दोन दिवस सुट्टं ताट घ्या, एकदा दुपारचं आणि एकदा रात्रीचं, आणि रात्रीचं जरा उशिरा जाऊन घ्या. सगळ्यात शेवटी आलेल्या माणसाला काय वाढतात त्यावरून मेस कळते. आमटीत पाणी वाढलंय का, पोळी गरम आहे का सकाळचीच, ते तेव्हाच दिसतं.

मग पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी तोंडावर विचारून घ्या. पहिली, रविवारचं काय? बहुतेक ठिकाणी रविवारी दुपारी फीस्ट असते, म्हणजे पुरी, मसालेभात, एखादं गोड, आणि त्याच रात्री मेस बंद. फीस्ट बघून पोरं खूश होतात आणि रात्री रस्त्यावर येतात. दुसरी गोष्ट, खाडा कसा धरतात? खाडा म्हणजे तुम्ही जेवला नाहीत तो दिवस. काही जण सलग तीन-चार दिवसांचा खाडा असेल आणि आदल्या दिवशी सांगितलं असेल तरच पुढं भरून देतात. मी पहिल्या दिवाळीला न सांगता दहा दिवस गावाकडं गेलो, आल्यावर मेसच्या काकू म्हणाल्या, "तुझं ताट रोज लावलेलं होतं बाळा." म्हणजे पैसे गेले. चूक माझीच होती. तिसरी, डबा देतात का, कारण पावसात अभ्यासिकेतून उठून जायचा कंटाळा येतो आणि एकदा उठलं की परत बसणं होत नाही.

आमच्याकडची पोरं दोन दिवसांत ओरडायला लागतात की इथल्या आमटीत साखर घालतात. साखर नसते रे, गूळ असतो, सोबत आमसूल किंवा चिंच आणि गोडा मसाला. पंधरा दिवसांनी सवय होते. नाही झाली तर आईकडून येसर, म्हणजे आमच्याकडचं भाजून केलेलं मसाल्याचं पीठ, मागवा आणि वरणावर भुरभुरा, मी अजूनही तेच करतो.

पायरी २: अमृततुल्य शोधा आणि तिथं उभं राहायला शिका

खोलीपासून पाच मिनिटांवर एखादं अमृततुल्य असणारच. पाटीवर देवाचं नाव असतं, अंबिका, नर्मदेश्वर असं काहीतरी, आणि खाली अमृततुल्य. हे चहाचं प्रकरण इथं राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी रुजवलं, सोन्या मारुती चौकातलं आद्य अमृततुल्य १९२४ चं आहे. हल्ली अमृततुल्य नावाची चकाचक फ्रँचायझी दुकानं कोपऱ्याकोपऱ्यावर झालीत, तीही वाईट नाहीत, पण मी म्हणतोय ते जुनं, अंधारं, तीन बाकड्यांचं.

तिथं गेल्यावर लगेच मोबाईल काढू नका, एकदा चहा होताना बघा. मालक पातेल्याच्या मागं उंच बैठकीवर बसलेला असतो. पितळेचं पातेलं, आतून पांढरी कल्हई. दूध-पाणी-साखर उकळायला लागली की तो शेजारच्या छोट्या खलबत्त्यात वेलची आणि आलं ठेचतो, टक टक टक, त्याचा ठेका ठरलेला असतो. मग पावडर पडते, डावानं चहा वर उचलून खाली सोडायचा, परत उचलायचा, उतू जायला आला की पातेलं जरा सरकवायचं. मधेच तो डावातला थेंब तळहातावर टाकून चाटतो, मान हलवतो, कधी साखरेची एक चिमूट वाढवतो. शेवटी केटलीवर फडकं धरून सगळं गाळायचं आणि त्या उकळत्या फडक्याला चिमट्यानं पीळ द्यायचा. फडक्याचा रंग बघून घाबरू नका, तो तसाच असतो.

चहा एकदम गोड असतो, कमी साखरेचा मागितलात तर तो तुमच्याकडं बघेल फक्त. सोबत बरणीतला क्रीमरोल घ्या किंवा खारी. सकाळी सात ते नऊ आणि दुपारी चारनंतर, या दोन वेळा पातेलं सतत रिकामं होऊन भरत असतं त्यामुळं चहा ताजा मिळतो. दुपारी दोनला जाल तर केटलीतला मिळेल. बाकी तिथं दहा मिनिटं उभं राहिलं की कुठं खोली रिकामी आहे, कुठल्या अभ्यासिकेत पंखे चालतात, कोणती मेस बिघडलीय, सगळं फुकटात ऐकायला मिळतं. माझी दुसरी खोली मला अशीच मिळाली, शेजारी उभ्या माणसाचं फोनवरचं बोलणं ऐकून.

पायरी ३: मिसळ अकराच्या आत

मिसळ हा सकाळचा पदार्थ आहे हे आधी डोक्यात घाला. संध्याकाळी मिळते, बऱ्याच ठिकाणी मिळते, पण जुनी ठिकाणं सकाळचीच. आणि पुण्यात "बेस्ट मिसळ कुठली" असं चारचौघांत विचारू नका, उत्तर मिळत नाही, भांडण लागतं. त्याऐवजी स्वतःला किती तिखट झेपतं त्या हिशोबानं चढत जा.

पहिल्यांदा नारायण पेठेत मुंजाबाचा बोळ शोधा आणि बेडेकरांकडं जा. रस्सा गोडसर, सोबत पावाऐवजी स्लाइस ब्रेड. लातूर-नांदेड-सोलापूरकडचा माणूस पहिला घास घेतल्यावर म्हणतो ही काय मिसळ आहे का, माझा भाऊ तर मोठ्यानं म्हणाला, शेजारच्या टेबलावरचे काका वळून बघायला लागले. पण दुसऱ्या वाटीपर्यंत थांबा. रस्सा परत मागता येतो, मागाच. त्या गोडसर चवीच्या मागून हळूच तिखट येतं आणि मग कळतं की लोक एवढ्या सकाळी बोळात लाईन लावून का उभे आहेत.

त्यानंतर रविवार पेठेत फडके हौदापाशी वैद्यांकडं. तिथली मिसळ बघूनच वेगळी वाटेल कारण लाल तर्री नाही, हिरव्या मिरचीचा आणि आल्याचा रस्सा आहे, पोटाला हलका. आतलं फर्निचर, भिंती, सगळं आजोबांच्या काळातलं. मला पर्सनली ही सगळ्यात जास्त आवडते, तिखट खाणाऱ्यांनी मला या वाक्यावरून आधीच भरपूर ऐकवलंय त्यामुळं नव्यानं ऐकवू नका. तुळशीबागेत खरेदीला कुणाबरोबर जावं लागलं तर तिथंच श्रीकृष्ण भुवन आहे, चिंचोळी जागा, पिशव्या मांडीवर घेऊन खायची.

आणि मग तिखट. टिळक रोडचं रामनाथ, किंवा कर्वे रोडच्या बाजूचं काटा किर्र. काटा किर्रला तिखट, मध्यम, कमी असं विचारतात. गावाकडचा माणूस म्हणून छाती काढून "तिखट" म्हणू नका पहिल्याच दिवशी, मी म्हणलं होतं. त्या दिवशी माझा पेपर होता. पुढचं लिहीत नाही. शनिवार-रविवारी तिथं मोठी रांग असते, मंगळवारी-बुधवारी सकाळी जा, सुखानं खाऊन याल.

एकदा मी पेठेतल्या एका जुन्या ठिकाणी, नाव नाही सांगत, बारा वाजून दहा मिनिटांनी पोचलो. आत माणसं खात होती, मला दिसत होतं. गल्ल्यावरचे आजोबा म्हणाले, "संपली." म्हणलं त्यांना तर आत्ताच देताय. "ते बाराच्या आत आलेत." मी आणखी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी पेपर वर धरला. तेव्हापासून मी गजर लावून मिसळ खातो.

पायरी ४: दुपारचं ताट, आणि अनोळखी माणसासमोर बसून जेवणं

मेसला कंटाळलात की महिन्यातून दोनदा खानावळीत जेवा. टिळक रोडला बादशाही आहे, १९३२ पासूनची. मराठी घरगुती ताट, पोळी, भाजी, उसळ, कोशिंबीर, आमटी, भात. तिथंच जवळपास दुर्वांकुर आहे, तिथं वाढपी तुमच्यावर तुटून पडतात, नको म्हणेपर्यंत वाढतात, गुजराती-राजस्थानी वळणाचं बरंच काही असतं, भूक खूप असेल तेव्हाच जा कारण पैसेही त्या मानानं जातात. लक्ष्मी रोडला पूना गेस्ट हाऊस, १९३५ चं, मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी सुरू केलेलं, नाटक-सिनेमाची माणसं तिथं वर्षानुवर्षं येत आलीत. तिथं ताटापेक्षा मी साबुदाणा वडा आणि थालीपीठ सांगेन.

जुन्या खानावळीत एक गोष्ट नव्या माणसाला बिचकवते, ती म्हणजे टेबल तुमचं एकट्याचं नसतं. चार खुर्च्यांच्या टेबलावर तुम्ही एकटे असाल तर तीन अनोळखी माणसं येऊन बसणार, परवानगी विचारणार नाहीत, आणि तुमच्याशी बोलणारही नाहीत. राग मानू नका. पहिल्या वर्षी माझ्यासमोर असेच एक आजोबा बसले होते, पांढरा शर्ट, खिशाला पेन, माझ्याकडं न बघता जेवत होते. मी भात सगळा आमटीत कालवून टाकला. त्यांनी हात थांबवला आणि म्हणाले, "अर्धा ठेवा. ताक यायचंय." एवढंच बोलले. ताक आलं, मी अर्धा भात ताकात खाल्ला, बरोबर मीठ आणि लोणच्याचा खार, आणि ते आपलं उठून हात धुवायला गेले. आजही मी भात अर्धा ठेवतो.

वेळ बाराला किंवा मग दीडनंतर. साडेबारा ते सव्वा हा आसपासच्या ऑफिसवाल्यांचा टाइम आहे, तेव्हा जाऊन दारात उभं राहण्यात अर्थ नाही. आणि तीनला जाऊन "जेवण मिळेल का" विचारू नका, मिळणार नाही.

पुण्यात दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात हा विषय निघालाच आहे तर, ज्या चितळ्यांवर सगळ्या महाराष्ट्रानं जोक केले त्यांनी २०१७ च्या जुलैपासून दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली. त्यामुळं बाकरवडी आता दुपारी अडीचलाही मिळते आणि तुमच्या गावाकडच्या काकांचा जोक जुना झालाय, त्यांना सांगा. पण बाकीची बरीच लहान दुकानं दुपारी शटर ओढतातच. आणि मला विचाराल तर बरोबर करतात, पहाटे चारला उठलेला माणूस दुपारी झोपणार नाही तर काय करणार.

पायरी ५: कॅम्पसाठी वेगळा अर्धा दिवस काढा, रविवार सोडून

कॅम्पला उगाच जाता जाता जाऊ नका. शनिवारी सकाळी साडेआठ-नऊला निघा. मेट्रोनं पुणे स्टेशनला उतरून रिक्षा किंवा चालत, चालायची सवय असेल तर चालतच जा. ईस्ट स्ट्रीटला कयानी बेकरी, १९५५ ची, इराणी कुटुंबाची. श्रूसबेरी बिस्किट आणि मावा केक, या दोनच गोष्टींसाठी लोक परगावाहून येतात. रांगेत उभं राहतानाच ठरवा किती घ्यायचं, कारण काउंटरवर "अं... अर्धा किलो... नाही थांबा" केलंत की मागचे लोक सुस्कारे सोडतात. सुट्टे पैसे हातात ठेवा. दुपारी मधे दुकान बंद असतं आणि रविवारी पूर्ण बंद. गावाकडं जाताना पिशवीत हे बिस्किट असलं की तुमची इज्जत वाढते, पण एसटीत बॅगेच्या तळाशी ठेवू नका, लातूरला पोचेपर्यंत त्याचा चुरा होतो. आमच्याकडं आई तो चुरा दुधात घालून देते, तेही चांगलं लागतं.

तिथून पुढं एमजी रोडला मार्झोरिनचं सँडविच, वर गॅलरीत बसून खाली रस्ता बघत खायचं. वडापाव खायचा असेल तर कॅम्पातला गार्डन वडापाव, वडा मोठा, चटणी भरपूर, एकात पोट भरतं. आणि ज्या दिवशी खिशात पैसे असतील, पहिला पगार वगैरे, त्या दिवशी दोराबजी अँड सन्स. १८७८ पासूनचं, पारशी जेवण. धनसाक म्हणजे डाळी-भाज्यांमध्ये शिजवलेलं मटण आणि सोबत ब्राऊन राइस. आपल्याला वाटतं डाळ-मटण काय एकत्र करायचं, पण आमच्याकडं डाळगोश्त करतातच की, त्याच नात्यातलं समजा.

जहांगीर हॉस्पिटलपाशी वोहुमन कॅफे आहे, चीज ऑम्लेट आणि बनमस्का. चीज एवढं घालतात की ऑम्लेट दिसत नाही. तिथंही सकाळीच जा.

पायरी ६: संध्याकाळ एफसी रोडला, पण टेबल मिळवायचं तंत्र शिकून

गुडलक चौकाला ज्याच्यावरून नाव पडलं ते कॅफे गुडलक १९३५ चं. बनमस्का, इराणी चहा, नॉनव्हेज खात असाल तर खिमा-पाव. बनमस्का चहात बुडवून खायचा, वर लोण्याचे थेंब तरंगतात ते बघून नाक मुरडायचं नाही. तिथं लॅपटॉप उघडून बसणाऱ्यांकडं वेटर कसे बघतात ते एकदा बघा म्हणजे तुम्ही उघडणार नाही.

तिथून एफसी रोडनं पुढं चालत गेलं की रुपाली आणि मग वैशाली. दोन्ही जगन्नाथ शेट्टींनी उभी केलेली, ते १९४९ मध्ये पुण्यात आले, आणि वैशाली आधी मद्रास हेल्थ होम या नावानं चालायचं. वैशालीला गेल्यावर एसपीडीपी मागवा, शेव पोटॅटो दही पुरी, पुण्यात लहान पोरालाही हे चार अक्षरांचं नाव माहिती असतं आणि नवा माणूस पूर्ण नाव उच्चारतो तिथंच पकडला जातो. पुरी अख्खी तोंडात टाकायची, चावा घेतलात तर दही शर्टवर. मग म्हैसूर मसाला किंवा साधा डोसा आणि शेवटी फिल्टर कॉफी.

टेबलचं तंत्र असं की संध्याकाळी सहा ते साडेआठ तिथं जागा मिळत नाही, बाहेर नाव द्यावं लागतं. जुने लोक सकाळी जातात, फिरायला आलेले आजी-आजोबा, त्यांची टेबलं वर्षानुवर्षं ठरलेली आहेत, तिथं बसायच्या भानगडीत पडू नका. सकाळी साडेसातला किंवा दुपारी तीन-साडेतीनला जा. दोघं असाल तर चौघांचं टेबल मागू नका, पटकन नंबर लागतो. आणि खाऊन झाल्यावर तासभर गप्पा मारत बसायचं असेल तर समोर कट्टे आहेत, रस्ता आहे, तिथं मारा, तुमच्या खुर्चीमागं दुसरं कुणीतरी उभं असतं.

आपटे रोडची संतोष बेकरी पण याच भागात. पॅटीस गरम निघायच्या वेळेला रांग लागते. रांग दिसली की उभं राहा, नसेल तर थोड्या वेळानं परत या.

गाडी घेऊन जात असाल तर पी-१, पी-२ च्या पाट्या वाचा. विषम तारखेला रस्त्याच्या एका बाजूला गाडी लावायची, सम तारखेला दुसऱ्या. रात्री बाराला तारीख बदलते हे लक्षात ठेवा, आणि गाडी उचलली गेली की तुमची एसपीडीपी सगळ्यात महाग एसपीडीपी होते. हल्ली मी गाडी काढतच नाही. डेक्कन, संभाजी उद्यान, गरवारे कॉलेज, नळ स्टॉप असे मेट्रोचे थांबे आहेत, आणि २०२४ च्या सप्टेंबरपासून मंडई आणि कसबा पेठेलाही भुयारी मेट्रो आली, त्यामुळं लक्ष्मी रोड-तुळशीबागेला जाणं एकदम सोपं झालंय.

पायरी ७: प्यायचं काय

उन्हाळ्यात आलात तर मस्तानी. सदाशिव पेठेत निंबाळकर तालमीपाशी सुजाता. घट्ट मिल्कशेक आणि वर आइस्क्रीमचा गोळा, चमच्यानं सुरुवात करायची आणि ग्लासनं संपवायची. मँगोच घ्या, एप्रिल-मेमध्ये तर दुसरं काही बघूच नका. नाव बाजीरावांच्या मस्तानीवरून पडलं असं सगळे सांगतात. जेवून गेलात तर अर्धी उरते, म्हणून जेवणाऐवजी प्या, मी परीक्षेच्या दिवसांत कितीदा असंच केलंय.

लक्ष्मी रोडच्या जनसेवा दुग्ध मंदिरात पियूष मिळतं, ज्यांना मस्तानी जास्त होते त्यांच्यासाठी हे बरं. नीरा प्यायची असेल तर सकाळीच, स्टॉलवर थंडगार मिळते तेव्हा, ऊन चढलं की ती आंबायला लागते. बाकी रसवंत्या आहेतच, बर्फ कमी सांगा.

बिअर-दारूचं विचारणार असाल तर थोडक्यात. कोरेगाव पार्क, कल्याणीनगरला ब्रूपब आहेत, मी दोनदा गेलोय, दोन्ही वेळा दुसऱ्याच्या पैशानं. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ आणि कडक दारूसाठी २५ लागतं, आधारकार्ड बरोबर ठेवा. आणि कॉट बेसिसच्या खोलीवर बाटली आणू नका, घरमालकीण काकूंना वासाआधी पिशवीचा आवाज कळतो.

पायरी ८: मटण, बिर्याणी

हे पटकन सांगतो कारण यात माझं मत कुणाला पटत नाही. पुण्यात मटण चांगलं मिळतं पण ते मुख्यतः कोल्हापूर नाहीतर मालवणच्या नावानं मिळतं. पेरूगेटला पुरेपूर कोल्हापूरचं ताट, तांबडा-पांढरा रस्सा, बरं आहे. टिळक रोडला एसपीजची साजूक तुपातली बिर्याणी, पोरांची फेव्हरेट, मला जरा तुपकट वाटते पण माझा भाऊ महिन्यातून दोनदा जातो. खरी मजा रमजानमध्ये, मोमिनपुऱ्यात आणि कोंढव्याला कौसरबागेत, संध्याकाळच्या नमाजानंतर. चालत फिरा, थोडं थोडं खा, ग्रुपनं जा म्हणजे दहा गोष्टी चाखता येतात.

पायरी ९: रविवार रात्र आणि त्यानंतरचं

आता मूळ प्रश्न, रविवारी रात्री मेस बंद असताना काय करायचं. सगळ्यात स्वस्त उपाय भुर्जी-पावची गाडी, स्वारगेट, स्टेशन, कुठंही. डबल भुर्जी, चार पाव, वरून कांदा चिरलेला. सारसबागेपाशी पावभाजीची रांगच आहे, तिथं प्रत्येक जण तुम्हाला हाताला धरून आपल्याच टेबलावर बसवतो, गोंधळून जाऊ नका, ज्याच्या तव्यावर आत्ता भाजी उलथली जातेय त्याच्याकडं बसा. किंवा तो रविवारच सिंहगडाला द्या. स्वारगेटवरून पायथ्याला पीएमपीएमएलची बस जाते, पहाटे निघा, चालत चढा, वर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही खा. खाली उतरून खोलीवर आलात की एवढी झोप येते की रात्रीच्या जेवणाचा प्रश्नच येत नाही. दही वाढणाऱ्या मावशी साखर का मीठ विचारतात, मीठ सांगा.

आणि एखाद्या रात्री अभ्यास करता करता तीन वाजले, झोप उडाली, पोटात कावळे ओरडायला लागले, तर कर्वे रोडला नळ स्टॉपला जा. पहाटे तिथं पोह्याच्या कढया चढलेल्या असतात. नाइट शिफ्टवाले, पेपर टाकणारी पोरं, रिक्षावाले, हॉस्टेलमधून उड्या मारून आलेले, सगळे एका रांगेत. पोहे कागदावर मिळतात, वर शेव, कोथिंबीर, लिंबाची फोड, शेजारी चहा. माझा भाऊ परवा तिथूनच मेसेज करत होता, चार वाजून पाच मिनिटांनी, पोह्यांचा फोटो आणि खाली लिहिलेलं, "दादा, इथं सांबार पण ओततात पोह्यावर, हे तू सांगितलं नव्हतंस." ओततात. मला आवडत नाही म्हणून सांगितलं नव्हतं.